विश्वास वारशानें मिळतो काय?

आपला जिल्हा शेतकऱ्यांचा. येथें बाप वारला म्हणजे मुलगा तलाठ्याकडे अर्ज करतो, फेरफार होतो, आणि सातबाराच्या उताऱ्यावर बापाच्या नांवाच्या जागीं मुलाचें नांव चढतें. मुलानें त्या जमिनींत कधीं पाऊल टाकलें नसलें तरी ती त्याची होते. घर, विहीर, दागिने, भिंतीवरील तसबिरी, सर्व कांहीं याच रीतीनें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें. यामुळें आपली अशी समजूत होऊन बसते कीं, देवावरील विश्वासही याच वाटेनें खालीं उतरतो. आजोबा ख्रिस्ती, म्हणून बाप ख्रिस्ती, म्हणून मुलगा ख्रिस्ती. मंडळीच्या वहींत नांव आहे, बाप्तिस्म्याचा दाखला पेटींत आहे, मग उणें तें काय?

ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्या मुलांचें मोठें नुकसान करीत आहे, असें माझें प्रामाणिक मत आहे. त्याविषयीं चार शब्द या वार्षिकांत लिहिण्याचें योजिलें आहे. जे पालक ख्रिस्ती नाहींत त्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये; कारण श्रद्धा मुलांच्या हवालीं कशी करावी हा प्रश्न प्रत्येक घरांत आहे, मग त्या घरांत प्रार्थना कोणत्याही शब्दांनीं होवो.

पवित्र शास्त्र या बाबतींत फार स्पष्टवक्तें आहे. शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, यहोशवा मेला, त्याच्या वेळचे लोकही मेले, आणि त्यांच्यामागून जी पिढी उठली तिला परमेश्वराची ओळख नव्हती. ज्यांनीं यार्देन नदी कोरड्या पायांनीं ओलांडली त्यांचींच हीं मुलेंनातवंडें! पुढें एली याजकाचें घर पाहा. देवाची सेवा त्याच्या घराण्यांत होती. परंतु त्याचे मुलगे लोकांनीं आणलेल्या अर्पणाचें मांस बळजबरीनें उचलीत. शमुवेलानें ही दुर्दशा बाळपणीं जवळून पाहिली. तरी त्याच्या स्वतःच्या मुलांनीं पुढें न्यायासनावर बसून लांच खाल्ला. ज्या शास्त्रानें या थोर माणसांची सेवा वर्णिली, त्यानेंच त्यांच्या मुलांची ही हकीकत झांकून ठेविली नाहीं.

याच्या उलट पौल तीमथ्याला लिहितांना त्याची आजी लोईस व आई युनीके यांचीं नांवें घेतो. तीन पिढ्या एका ओळींत उभ्या राहिलेल्या तेथें दिसतात. परंतु बारकाईनें वाचिलें तर पौल असें म्हणत नाहीं कीं, आजीनें आपला विश्वास आईला दिला व आईनें तो मुलाला दिला. तो विश्वास प्रथम आजीच्या ठायीं राहिला, नंतर आईच्या ठायीं राहिला, आणि आतां तीमथ्याच्याही ठायीं आहे, असें तो सांगतो. व लागलीच पुढच्या वाक्यांत आपल्या ठायींचें कृपादान चेतविण्याचा त्याला उपदेश करितो. आजीच्या चुलींतला निखारा राखेखालीं रात्रभर राहतो खरा, परंतु सकाळीं ज्याला भाकरी हवी त्यानें तो स्वतः फुंकला पाहिजे. आजीची फुंकर नातवाच्या चुलीपर्यंत पोंहोचत नाहीं.

मग एका पिढीनें दुसऱ्या पिढीला द्यावें तरी काय? माझ्या मतें देण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे देवाचें हृदय शोधण्याची संवय.

हे शब्द मी दावीदाच्या चरित्रावरून घेतले आहेत. शमुवेल इशायाच्या घरीं राजा निवडावयास गेला, तेव्हां थोरला अलीयाब उंचापुरा व देखणा होता. परंतु मनुष्य बाहेरचें रूप पाहतो आणि परमेश्वर अंतःकरण पाहतो, असें शमुवेलाला कळविण्यांत आलें. सात मुलगे पुढून गेले. आठवा रानांत मेंढरें राखीत होता, त्याला बोलाविण्याचेंही कोणाच्या मनांत आलें नव्हतें. देवाच्या मनासारखा मनुष्य म्हणून ज्याची ख्याति झाली तो हाच. त्याच्या हातून भयंकर अपराध झाले, तें शास्त्रानें लपविलेलें नाहीं. तथापि नाथान संदेष्ट्यानें तोंडावर दोष दाखविला तेव्हां त्यानें संदेष्ट्याला शिक्षा केली नाहीं. आपल्या कृत्यानें देवाच्या अंतःकरणाला काय वाटलें असेल, इकडे त्याचें लक्ष गेलें. देवाचें हृदय शोधणें तें हेंच.

आपण बहुधा देवाचा हात शोधतों. परीक्षा पास व्हावी, पाऊस वेळेवर पडावा, नोकरी लागावी, आजार बरा व्हावा, यासाठीं आपण प्रार्थना करितों. त्यांत पाप नाहीं. लेंकरानें बापाजवळ मागावें हें योग्यच आहे. परंतु बाजारांतून आलेल्या बापाच्या पिशवीकडेच जो मुलगा पाहतो, आणि बाप दमला आहे, आज त्याच्या मनाला कांहीं लागलें आहे, हें ज्याला कधींच दिसत नाहीं, त्याला आपला बाप कळला असें म्हणतां येईल काय? कोणत्या गोष्टीनें देव दुःखी होतो आणि कोणत्या गोष्टीनें त्याला संतोष होतो, हें ज्याला विचारावेंसें वाटूं लागलें, त्याच्या धर्माचा आरंभ झाला. आणि येथेंच वारशाची अडचण उत्पन्न होते. दावीद हें रहस्य जाणत होता, तरी तो तें अबशालोमाला देऊं शकला नाहीं. सिंहासन देतां येतें; अंतःकरण देतां येत नाहीं.

आपल्या मराठी मुलुखांत या गोष्टीचें उदाहरण टिळकांच्या घराइतकें बोलकें दुसरें मला ठाऊक नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत झाला. रेल्वेच्या प्रवासांत एका गोऱ्या सहप्रवाशानें त्यांना नवा करार वाचावयास दिला; आणि मनाशीं पुष्कळ झगडून त्यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहींत. त्या कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या; पतीकडे परत आल्यावरही त्यांचें सोंवळें सुटलें नव्हतें. टिळक मोठे पंडित, वक्ते आणि कवि. त्यांनीं आपल्या पत्नीला वादांत सहज जिंकलें असतें. परंतु लक्ष्मीबाईंचें परिवर्तन वादानें झालें नाहीं. जाति देवानें केल्या कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाला विचारला. त्याचें उत्तर मिळालें तेव्हां त्यांचें सोंवळें गळून पडलें, आणि १९०० सालीं त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. पतीचा देव त्यांनीं पतीपासून घेतला नाहीं. एका न्यायाच्या प्रश्नाच्या वाटेनें त्या स्वतः त्याच्याकडे चालत गेल्या.

या घराची पुढची हकीकत तर याहून विचार करण्यासारखी आहे. टिळकांनीं १९०९ सालीं 'ख्रिस्तायन' हें मोठें काव्य रचावयास घेतलें. १९१९ सालीं ते वारले, तेव्हां त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. ज्या बाईंना शाळेंत जाऊन शिकण्याची संधि मिळाली नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनीं तें काम हातीं घेतलें, व चौसष्ट अध्याय रचले. १९३६ सालीं त्याही निवर्तल्या. तेव्हां त्यांचे पुत्र देवदत्त यांनीं शेवटचा अध्याय लिहून तें काव्य पुरें केलें, आणि १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. याच देवदत्तांनीं वडिलांच्या चरित्रासाठीं आईला आठवणी लिहावयास लाविलें, आणि त्यांतून 'स्मृतिचित्रें' हें मराठी भाषेचें भूषण ठरलेलें पुस्तक आपणांस मिळालें. पतीच्या ओळी गिरवीत बसणें लक्ष्मीबाईंना सोपें होतें. आईबापांचा मोठेपणा सांगत बसणें देवदत्तांनाही सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. मागच्याचा हात जेथें थांबला तेथून पुढच्यानें आपल्या शब्दांनीं सुरुवात केली. विश्वासाचा वारसा ज्याला म्हणावयाचें तो असा असतो.

पंडिता रमाबाई यांचेंही उदाहरण लक्षांत घेण्यासारखें आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु तेथील धर्मगुरूंनीं व भगिनींनीं जें जें सांगितलें तें त्यांनीं मुकाट्यानें मानलें नाहीं. सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारांत, स्वतःच्या व मुलीच्या धर्मशिक्षणाविषयीं त्यांनीं किती निर्भयपणें प्रश्न विचारले आहेत, हें पाहून आश्चर्य वाटतें. अशा आईच्या हाताखालीं वाढलेली मनोरमा पुढें आईच्या कार्यांत खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यास, जें त्या काळीं आपल्या जिल्ह्याप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होतें, रमाबाईंनीं १९१२ सालीं जी शाळा काढिली, तिचा भार मनोरमाबाईंनींच वाहिला. १९२१ सालीं मुलगी आईच्या आधीं गेली. वारस उरला नाहीं. तरी रमाबाईंनीं साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठींत चालविलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर सोडलें नाहीं, आणि १९२२ सालीं मृत्यूपूर्वी तें तडीस नेलें. ज्यांना त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें अशा मुलींसाठीं तें काम होतें.

आतां प्रत्येक पिढीला कोणता धडा घ्यावयाचा आहे तो पाहूं.

विद्यार्थी मित्रहो, प्रथम तुमच्याकडे वळतों. प्रश्न विचारण्याला भिऊं नका. मंदिरांत शास्त्र्यांमध्यें बसलेला बारा वर्षांचा येशू त्यांचें ऐकत होता व त्यांना प्रश्नही विचारीत होता, असें लूक सांगतो. तुमच्या मनांतली शंका देवाला नवी नाहीं. मात्र प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहण्याचा धीरही धरावा. हल्लीं मोबाईलवर बोट फिरवितांच दहा उत्तरें समोर येतात. देवाच्या हृदयाचा शोध तितक्या लवकर लागत नाहीं. लक्ष्मीबाईंना त्यासाठीं कित्येक वर्षें लागलीं, आणि तीं वर्षें फुकट गेलीं असें त्यांचें पुस्तक वाचणारा कोणीही म्हणणार नाहीं.

आईबापांचा धडा अधिक कठीण आहे. आपण मुलांकडून वचनें पाठ करून घेतों, बक्षिसें देतों, चारचौघांत म्हणून दाखवावयास लावितों. पाठांतर चांगलें आहे. संकटांत तेंच तोंडीं येतें. परंतु पाठांतराच्या गुणांवरून अंतःकरण मोजूं नये. ज्या घरांत रविवारीं उपासना होते आणि सोमवारीं मोलकरणीची मजुरी कापली जाते, किंवा भावाच्या बांधावर नांगर सरकविला जातो, त्या घरांतलें मूल कोणता धडा शिकतें? तें दोन्ही पाहतें, आणि जें केलें जातें तेंच खरें मानतें. एलीच्या मुलांना मंदिराचे नियम येत नव्हते असें नाहीं. त्यांना मंदिराचा धनी ठाऊक नव्हता.

आपल्या जिल्ह्यांतलें तेर हें गांव गोरोबाकाकांमुळें महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांनीं आपल्या थापटण्यानें संतांचीं डोकीं थोपटून कोणतें मडकें कच्चें व कोणतें पक्कें हें पारखलें, आणि नामदेव कच्चा ठरला, ही कथा येथें लहान मुलेंही सांगतात. त्या कथेंतील मला आवडणारी गोष्ट अशी कीं, नामदेवानें राग धरून कायमचें तोंड फिरविलें नाहीं; तो गुरूच्या शोधास निघाला. यिर्मया संदेष्टाही कुंभाराच्या घरीं गेला होता. तेथें मडकें हातांत बिघडलें, तरी कुंभारानें माती टाकून दिली नाहीं. त्याच मातीचें त्यानें दुसरें भांडें घडविलें. कुंभाराला काम करितांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हेंही ठाऊक असेल कीं, बाहेरून थापटणें पडत असतां आंतून त्याच्या दुसऱ्या हाताचा आधार असतो. आधाराचा हात काढून नुसतें थापटत राहिलें तर मडकें फुटतें. पालकांनीं हें स्मरणांत ठेवावें.

आजीआजोबांचा धडा सर्वांत थोर आहे. देवाचा आवाज प्रथम बाळ शमुवेलाला ऐकूं आला, वृद्ध एलीला नाहीं. तरी तो आवाज कोणाचा हें ओळखून, पुन्हां हांक आली तर काय उत्तर द्यावें हें मुलाला एलीनेंच शिकविलें. आणि मग तो स्वतः त्याच्याबरोबर गेला नाहीं. त्यानें मुलाला एकट्याला परत पाठविलें. म्हाताऱ्या माणसानें याहून मोठी सेवा कोणती करावी?

याला जोडूनच आणखी एक विनंति आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप आपल्या घरांतील वडील माणसें विसरलेलीं नाहींत. सास्तूर आणि आसपासच्या गांवांत दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यासह हजारों माणसें एका रात्रींत गेलीं. आजच्या मुलांना आंखीव रस्त्यांचीं पुनर्वसित गांवेंच काय तीं ठाऊक. त्यांना त्या रात्रीची हकीकत सांगा. परंतु ती सांगतांना गुळगुळीत करूं नका. देवानें असें कां होऊं दिलें, हा प्रश्न तुम्ही त्या वेळीं विचारला असेल तर तोही सांगा, आणि उत्तर मिळालें नसेल तर मिळालें नाहीं असें सांगा. ढिगाऱ्यांतून माणसें काढतांना कोणी कोणाची जात विचारली नाहीं, परक्या प्रांतांतून अनोळखी माणसें धान्य व कांबळीं घेऊन आलीं, हेंही सांगा. देवाचें हृदय त्या पहाटे कोठें होतें याचा शोध मुलें मग स्वतः घेतील. लाजरच्या कबरेजवळ येशू रडला, एवढें तरी त्यांना ठाऊक असूं द्या.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, मुलांना असें मोकळें सोडलें तर तीं दूर जातील.’ ही भीति अगदींच खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. कांहीं मुलें दूर जातात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांतील बापानेंही मुलाला त्याचा वांटा देऊन जाऊं दिलें. परंतु त्या दाखल्यांत घरीं राहिलेला थोरला मुलगाही आहे. त्यानें बापाची एकही आज्ञा मोडली नव्हती, तरी बापाला आनंद कशाचा होतो हें त्याला कळलें नव्हतें, आणि तो अंगणाबाहेर रुसून उभा राहिला. आपण धाकट्याच्या भीतीनें सर्व मुलांना थोरल्यासारखें करूं लागलों, तर घर भरलेलें दिसेल, पण बापाच्या आनंदांत कोणी असणार नाहीं.

शाळेविषयींही थोडें लिहिलें पाहिजे. आमच्यासारख्या शाळांत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणें, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवांचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ति करितां येत नाहीं. कित्येक ख्रिस्ती पालकांना हें कलम अडचणीचें वाटतें. मला तें आपल्या प्रभूच्या रीतीला धरून आहे असें वाटतें. तो दाराशीं उभा राहून ठोठावतो, दार फोडीत नाहीं. शिवाय या कलमानें घराचें काम घराकडे परत पाठविलें आहे. आपल्या मुलाला प्रार्थना शाळेनें शिकवावी अशी अपेक्षा करणाऱ्या बापानें, मुलानें आपल्याला प्रार्थना करितांना शेवटचें केव्हां पाहिलें, हें आठवून पाहावें.

शाळेनें जें द्यावयाचें तें दुसऱ्या रीतीनें देतां येतें. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहींत. परंतु १८४८ सालीं त्यांनीं मुलींसाठीं शाळा काढिली, आणि ज्यांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें त्यांना जवळ केलें. त्यांच्या शिक्षकांनीं आपल्या वहींत या विद्यार्थ्याचें नांव कोणत्या रकान्यांत लिहावें याचा घोळ घातला असेल किंवा नसेल. अनाथ, विधवा व दीन यांच्याकडे पाहणाऱ्या देवाच्या हृदयाचा विचार केला, तर त्या शाळेचे श्रम वांयां गेले असें मला तरी म्हणवत नाहीं.

तेव्हां पालकहो, मंडळीच्या वहींत मुलांचीं नांवें असूं द्या. दाखले पेटींत जपून ठेवा. पण त्यांवर विसंबूं नका. आज रात्रीं जेवणें झाल्यावर दिवा मालविण्यापूर्वीं घरांतील तिन्ही पिढ्यांनीं थोडा वेळ एकत्र बसावें. आजीनें आपली एक खरी आठवण सांगावी, आईबापांनीं ती मधें न तोडतां ऐकावी, आणि मुलांनीं मनांत येईल तो प्रश्न विचारावा. त्यानंतर प्रार्थना करावयाची झाली तर ती लहान असावी, आणि तींत मागणें थोडें असावें. परमेश्वर आपणां सर्वांना त्याचें हृदय शोधण्याची बुद्धि देवो.